ट्रेनिंगच्या रजिस्टरातल्या सह्यांबद्दल सोलापूरच्या कारखानदारांना खुलं पत्र

सोलापुरातल्या टॉवेल, चादर आणि गारमेंट कारखान्यांच्या मालक मंडळींना, मॅनेजर साहेबांना आणि तुमच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना,

नमस्कार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटमध्ये शिलाई आणि चेकिंग सेक्शनची सुपरवायझर आहे, अकरा वर्षं झाली, त्याआधी सहा वर्षं मी स्वतः हेमिंगच्या, म्हणजे कडा शिवायच्या, मशीनवर बसलेय, म्हणजे नगावर मजुरी काय असते ते मला माहितीय आणि महिन्याच्या पगारावर आल्यावर माणूस ते किती लवकर विसरतो तेही माहितीय. कारखान्याचं नाव लिहीत नाही कारण जे सांगणार आहे ते एका कारखान्याचं नाही, तुमच्यातल्या बहुतेकांच्या शेडमध्ये हेच चालतं.

माझ्या सेक्शनला एक नवीन मुलगी आली होती, विडी घरकुल वसाहतीकडून यायची, बारावी झालेली, हात चांगला. आल्या-आल्या तिचं ट्रेनिंग झालं, म्हणजे तिला आणि अजून बावीस जणींना कॅन्टीनच्या शेडमध्ये बसवलं, प्रोजेक्टर लावला, बाहेरून आलेल्या सरांनी पन्नास मिनिटं स्लाइड दाखवल्या, अर्ध्या इंग्रजीत होत्या, सर मराठी चांगलं बोलले पण लई भरभर, शेवटी ‘समजलं ना सगळ्यांना?’ म्हणून विचारलं, सगळ्या ‘हो’ म्हणाल्या, रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या, फोटो झाला. आठव्या दिवशी तिच्या बोटातून सुई आरपार गेली. सुईपुढची जाळी वर सरकवलेली होती, कारण शेजारची तसंच करत होती, जाळी वर असली की कडा नीट दिसते म्हणून. तिला दवाखान्यातून आणल्यावर ऑफिसात सगळ्यात आधी ते रजिस्टर काढलं गेलं आणि तिची सही सापडल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. माझ्याही आला. आणि त्या रात्री मला झोप आली नाही ती त्याच गोष्टीमुळं, पोरीचं बोट सुजलेलं आणि मला बरं वाटलं होतं ते एका सहीमुळं.

त्या सहीवरून एवढंच कळतं की ती त्या दिवशी तिथं बसली होती. तिला काय कळलं, काय नाही, ती घरी जाऊन काय विसरली, शेजारणीचं बघून काय उलटं शिकली, यातलं काही त्या रजिस्टरात येत नाही.

जुन्या कारखाना कायद्यात, ज्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली, १९८७ च्या दुरुस्तीनं १११-अ हे कलम घातलं होतं, त्यात कामगाराला आपल्या आरोग्याची आणि सुरक्षेची माहिती मिळण्याचा आणि त्याचं ट्रेनिंग मिळण्याचा हक्क आहे असं लिहिलं होतं. हक्क हा शब्द होता त्यात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एकदा ऑडिटच्या तयारीसाठी फाइल लावताना मी स्वतः वाचलं, आणि मला वाटलं की आपण त्याला हक्क म्हणून कधी बघितलंच नाही, आपण ते ऑडिटवाल्यासाठी करतो, परदेशातल्या बायरसाठी करतो, आणि बायका त्या पन्नास मिनिटांत मनातल्या मनात मोजत असतात की किती नग गेले.

आता सोलापूरचं म्हणून जे वेगळं आहे ते सांगते. माझ्या सेक्शनला अडतीस जणी आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरी तेलुगू बोलतात, सात-आठ जणी कन्नड, पाच-सहा जणी दख्खनी, राहिलेल्या मराठी. जेवणाच्या सुट्टीत एका डब्याभोवती तीन भाषा चालतात आणि शेंगाचटणी सगळ्यांत असते. तेलुगू बोलणाऱ्या बहुतेक जणी शिकल्या मराठी शाळेत, त्यामुळं वाचतात मराठी, पण घाईत, भीतीत, मशीनसमोर डोक्यात जे उमटतं ते तेलुगूत उमटतं. आणि चार जणींना वाचता येतच नाही, त्या सही करतात पण वाचत नाहीत. अशा ठिकाणी बाहेरून कुणी येऊन एका भाषेत तासभर बोलला तर ‘समजलं ना?’ला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर येणार कसं? मी एकदा आमच्या मोठ्या अक्कांना म्हटलं की तुम्ही विचारा, त्यांनी ‘अर्थमैंदा?’, म्हणजे तेलुगूत ‘समजलं का?’, म्हणून विचारलं तर लगेच दोन जणींनी माना हलवल्या, नाही म्हणून. मला इतकी वर्षं सगळ्या हो म्हणत होत्या.

मग मी शोधायला लागले, मोबाईलवरच, रात्री. यूट्यूबवर शिक्षक लोकांचे व्हिडिओ लई असतात, ट्रेनिंगबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहितीय हे मला तेव्हा कळलं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात जास्त विसरतं, आणि मधूनमधून उजळणी केली की टिकतं. आणि २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, काहींना तो दोनदा वाचायला लावला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं विचारलं तर दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातला गुंता सुटला. आपलं ट्रेनिंग संपल्या-संपल्या सगळ्यांना आठवत असतं म्हणून आपल्याला वाटतं झालं ट्रेनिंग, आणि सुई बोटात जाते ती आठव्या दिवशी. म्हणजे सांगून पुरत नाही, विचारायला लागतंय, परत-परत, थोडं-थोडं. आणि अडतीस जणींना रोज एकेक करून विचारायला मला वेळ नाही, तिथं मोबाईल कामाला येतो. माझ्या दृष्टीनं या सगळ्या डिजिटल साधनांचा खरा उपयोग एवढाच, की विचारणं स्वस्त होतं.

पहिली अडचण अशी की आमच्याकडं फ्लोअरवर मोबाईल बंद, आणि ते बरोबरच आहे, चालत्या मशीनवर कुणी मोबाईल बघू नये. शिवाय सगळ्यांकडं स्मार्टफोन नाही, काहींच्या घरी एकच फोन, तो नवऱ्याकडं नाहीतर पोराकडं. म्हणून गुगल फॉर्मवर टेस्ट घ्यायचा माझा पहिला प्रयत्न फसला, अडतीसातल्या चौदा जणींनी भरला आणि त्यातले पाच पोरांनी भरून दिलेले होते.

मग मला प्लिकर्स सापडलं. हे शाळेतल्या मास्तरांसाठी केलेलं आहे. यात मोबाईल फक्त विचारणाऱ्याकडं लागतो. प्रत्येकीला एक कागदी कार्ड, त्यावर काळा चौकोनी ठसा असतो, प्रत्येकीचा वेगळा, आणि चार बाजूंना ए बी सी डी. मी प्रश्न वाचते, चार उत्तरं सांगते, ज्या उत्तराची बाजू वर धराल ते तुमचं उत्तर. मी मोबाईलचा कॅमेरा सगळ्यांवरून एकदा फिरवते आणि कुणी काय धरलंय ते माझ्या स्क्रीनवर नावासकट येतं. शेजारणीला कळत नाही कारण अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येकीचा ठसा वेगळा असल्यामुळं बघून नक्कल करता येत नाही. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही चार बाजूंना चार रंगाच्या टिकल्या लावल्या, लाल, पिवळी, हिरवी, निळी, आणि आता सगळ्याच जणी रंगावरच उत्तर देतात. पहिल्या वेळी मी झेरॉक्सवाल्याकडून चकचकीत लॅमिनेशन करून घेतलं, ते करू नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेऱ्याला ठसा दिसत नाही, परत सगळी जाड कागदावर साधी काढली. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत झालं, तेही दोनदा करून.

पहिल्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगते, कारण त्या एका दिवसात मी जे शिकले ते सतरा वर्षांत शिकले नव्हते. प्रश्न असा होता, सुई तुटली तर तुम्ही पहिलं काय करता? हिरवं म्हणजे मशीन बंद करून सगळे तुकडे शोधायचे. लाल म्हणजे नवी सुई लावून काम चालू करायचं. पिवळं म्हणजे सुपरवायझरला हाक मारायची, निळं म्हणजे तो टॉवेल बाजूला ठेवायचा. आता हा नियम आमच्याकडं भिंतीवर लावलेला आहे, एक्स्पोर्टचा माल, एक तुकडा जरी टॉवेलच्या लूपमध्ये, म्हणजे वरच्या धाग्यांच्या फासांत, राहिला आणि कुणाच्या लेकराच्या तोंडाला लागला तर काय होईल, म्हणून तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून रजिस्टरला चिकटवायचे आणि मगच नवी सुई मिळते. मला वाटलं सगळी हिरवी येणार. कॅमेरा फिरवला तर सव्वीस जणींनी लाल धरलेलं.

मी आधी चिडले. मग बसून बोलले, तेव्हा कळलं की नियम सगळ्यांना पाठ आहे, पण एक बारीक टोक शोधायला कधी-कधी वीस मिनिटं जातात, तेवढ्यात चाळीस-पन्नास नग जातात, ते पैसे कोण देणार, म्हणून प्रत्येकीनं स्वतःच्या पैशानं दोन-चार सुया पर्समध्ये ठेवलेल्या. भिंतीवर पोस्टर, रजिस्टरला सह्या, आणि पर्समध्ये सुया. हे मला तोंडी विचारलं असतं तर कुणी सांगितलंच नसतं, कार्ड खोटं बोलायची गरज पडू देत नाही कारण सगळ्यांसमोर तोंड उघडायला लागत नाही. मी ते घेऊन मॅनेजर साहेबांकडं गेले, त्यांनी ऐकून घेतलं हे त्यांचं मोठेपण, आणि ठरलं की सुई शोधण्यात गेलेल्या वेळेची मजुरी त्या दिवसाच्या सरासरीनं द्यायची. त्यानंतर महिनाभरात पर्समधल्या सुया आपोआप टेबलावर आल्या. यात शिकवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांना येत होतं, आम्हाला माहिती नव्हतं.

म्हणून मी म्हणते की ट्रेनिंगमध्ये रस येत नाही, बायका झोपतात, जांभया देतात, ही तक्रार घेऊन तुम्ही अजून मोठा प्रोजेक्टर आणि अजून महाग ट्रेनर आणू नका. त्यांना कुणी काही विचारतच नाही म्हणून झोप येते. ज्या दिवशी कार्डं निघतात त्या दिवशी आमच्या शेडमध्ये इतका गलका असतो की कटिंगवाले दारात येऊन उभे राहतात.

दुसरं साधन म्हणजे आमच्या मिनिटा-मिनिटाच्या क्लिपा. टॉवेलचा कोपरा कसा दुमडायचा की शिलाई जाड होत नाही आणि सुई तुटत नाही, हे जगात कुणाला येत असेल तर ते आमच्या मोठ्या अक्कांना, तीस वर्षं झाली त्यांना या कामात. पण त्या पुढच्या दोन वर्षांत थांबणार. त्यांना मी म्हटलं आपण मोबाईलवर शूट करू, तर त्या घाबरल्या, ‘माझा चेहरा फेसबुकला जाईल, घरची काय म्हणतील.’ मग ठरवलं की फक्त हात दाखवायचे. बांगड्यांचा हात, मशीनचा पाय, टॉवेलची कडा, आणि अक्कांचा आवाज तेलुगूत. हे जेवणाच्या सुट्टीत करायचं, कारण शेजारच्या शेडमध्ये लूम, म्हणजे माग, चालू असले की काहीच ऐकू येत नाही. एक मिनिटाच्या वर जाऊ द्यायचं नाही, एका क्लिपमध्ये एकच गोष्ट. तीच क्लिप मग आमच्या कन्नडवाल्या ताईंनी त्यांच्या भाषेत बोलून दिली, मराठीत मी बोलले. अशा चोवीस क्लिपा झाल्यात आतापर्यंत. गंमत अशी की दुसऱ्या क्लिपनंतर बायका स्वतः येऊन सांगायला लागल्या, अक्का बरोबर सांगतात पण माझी पद्धत अजून बरी आहे, माझे हात घ्या. तेलाचा डाग दिसला तर काय करायचं, ओढलेला लूप कात्रीनं कापायचा की आत घ्यायचा, याच्यावर चेकिंगवाल्यांत दोन पक्ष पडले आणि शेवटी दोन्ही क्लिपा करून, दोन्ही टॉवेल धुऊन बघून ठरवलं. इतकी वर्षं कुणाला वाटलं नव्हतं की आपल्या कामात वाद घालण्यासारखं काही आहे.

या क्लिपा बघायच्या कुठं, तर क्यूआर कोडवर. आणि इथं मला आपल्या जिल्ह्याची आठवण करून द्यायचीय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० साली ज्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यांनी काय केलं होतं? शाळेतल्या पोरींची घरची भाषा कन्नड, पुस्तकं त्यांना कळत नव्हती, तर गुरुजींनी पुस्तकं त्यांच्या भाषेत उतरवली आणि त्यात क्यूआर कोड घातले, स्कॅन केलं की आवाजातली कविता, व्हिडिओ, स्वाध्याय. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. आणि हा क्यूआर कोड मुळात निघाला कुठं तर कारखान्यात, १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हनं गाड्यांच्या पार्टचा हिशोब ठेवायला तो बनवला. म्हणजे कारखान्यातून निघालेली गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेनं जगाला वेगळ्या कामासाठी वापरून दाखवली, आणि आपल्या कारखान्यात मात्र क्यूआर फक्त चहावाल्याला पैसे द्यायला. जी अडचण परितेवाडीत होती, घरची भाषा एक आणि शिकवायची भाषा दुसरी, तीच माझ्या शेडमध्ये आहे.

आम्ही काय केलं, मशीनवर क्यूआर लावले नाहीत कारण तिथं मोबाईल नाही. हजेरीच्या पंचिंगच्या जागेजवळ जिथं फोन जमा करतात तिथं एक पत्रा लावला, त्यावर सेक्शनप्रमाणं कोड चिकटवले, शेजारी तेलुगू, कन्नड, मराठी असं लिहिलं आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र, सुई, कात्री, टॉवेल. आणि ऑफिसातला जुना टॅब तिथं साखळीनं बांधून ठेवलाय, ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्यासाठी. यूट्यूबवर क्लिपा टाकताना ‘अनलिस्टेड’ करायच्या, म्हणजे लिंक असेल तोच बघू शकतो, शोधून सापडत नाही. हात कुणाचे आहेत तिला विचारूनच टाकायचं आणि ती नको म्हणाली की काढायचं, हे आधीच सांगून ठेवलं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमच्यातले बहुतेक जण म्हणतील की आमच्याकडं ग्रुप आहे की. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या आधीच्या ग्रुपमधून दोन जणींचे नंबर दुसऱ्या डिपार्टमेंटच्या पोरांनी उचलले आणि रात्री-अपरात्री मेसेज सुरू झाले, एकीनं घरच्यांच्या बोलण्यामुळं काम सोडलं. चांगली कारागीर होती. म्हणून आता ग्रुप बंद, ब्रॉडकास्ट लिस्ट. त्यात मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो, एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, उत्तर आलं तर फक्त मला येतं. फक्त एक लक्षात ठेवा, समोरच्या बाईनं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट तिला पोचतच नाही, मला हे तीन आठवड्यांनी कळलं. रोज एक प्रश्न, आवाजात, अर्ध्या मिनिटाचा, कामावरून सुटल्यावर जाणारा, आणि उत्तर द्यायची सक्ती नाही. सक्ती केली की ते घरचं काम होतं आणि घरी त्यांना आधीच लई काम असतं.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुम्ही करू नये म्हणून लिहिते. मोबाईलवरच्या क्विझमध्ये, कहूटसारख्यात, लवकर उत्तर दिलं की जास्त मार्क मिळतात आणि स्क्रीनवर नंबर लागतात, पहिला, दुसरा, तिसरा. पोरींना लई आवडलं. दोन वेळा टीव्हीवर लावलं. तिसऱ्या वेळी आमच्या एक मावशी, पंचावन्नच्या आसपास, वाचायला वेळ लागतो त्यांना, त्या बाथरूमला जाते म्हणून गेल्या त्या ट्रेनिंग संपेपर्यंत आल्याच नाहीत. त्यांच्या हातचा एकही टॉवेल चेकिंगमधून परत येत नाही, आणि मी त्यांना चाळीस इंची स्क्रीनवर शेवटच्या नंबरला लावलं होतं. मी त्यांच्याकडं जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून नंबर बंद, वेळ बंद. मार्क फक्त मला दिसतात आणि मी ते एवढ्यासाठीच बघते की कुठला प्रश्न जास्त जणींचा चुकला, मग तो पुढच्या आठवड्यात परत येतो, वेगळ्या शब्दांत.

आता आगीचं. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ माणसं गेली. कुणाला दोष द्यायला मी ते काढत नाही, तो धूर आमच्यातल्या कित्येकींनी येताना बघितलाय. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी घाईघाईनं फायर ट्रेनिंग झाली, आमच्याकडंही झालं, सह्याही झाल्या. पंधरा दिवसांनी मी कार्डं काढली आणि विचारलं, आग विझवायचा लाल सिलिंडर उचलल्यावर पहिलं काय? दहा जणींनी दांडा दाबायचा म्हणून सांगितलं. आधी पिन ओढायची असते, ती ओढल्याशिवाय दांडा दबतच नाही, आणि घाबरलेली बाई तो दाबत बसेल आणि बंद पडलाय म्हणून टाकून देईल. दुसरा प्रश्न, फवारा कुठं मारायचा, तर निम्म्या जणींनी ज्वाळेवर. ज्वाळेवर मारून उपयोग नाही, आग जिथून निघतेय त्या बुडाशी मारायचा, डावी-उजवीकडं फिरवत, आणि तो सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, चुकायला वेळ नसतो. आपल्या शेडमध्ये कापसाची रुई पंख्यावर, ट्यूबवर, वायरिंगवर साठलेली असते, गठ्ठे रचलेले असतात, वायरिंगची आग असेल तर पाणी मारायचं नाही हेही सहा जणींनाच माहिती होतं. मग आम्ही मुदत संपत आलेले दोन सिलिंडर भरायला पाठवायच्या आधी मागच्या मोकळ्या जागेत नेऊन प्रत्येकीला पिन ओढायला लावली, सगळ्या जणींना, वीस मिनिटं लागली. त्याचीही क्लिप केली, तीन भाषांत. कार्डानं काय केलं तर कुणाला काय येत नाही ते दाखवलं, शिकवलं ते त्या जड सिलिंडरनंच. हे मी मुद्दाम लिहितेय, उद्या कुणी म्हणेल सगळं मोबाईलवर करू, तर तसं नाही होत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५, अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवीन माणसं भरली, बायकाही लई, आणि त्यांना भराभर काम शिकवायला सरकारनं एक पद्धत काढली होती, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून, पुढं ती जपाननंही उचलली. तिच्यात चार पायऱ्या आहेत, माणसाला तयार करा, काम दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्याच्याच तोंडून वदवा, आणि नंतर जाऊन परत बघा. तेव्हा मोबाईल नव्हता. आपण दुसऱ्या पायरीवर थांबून रजिस्टर फिरवतो. राहिलेल्या दोन पायऱ्यांना माणूस आणि वेळ लागतो म्हणून त्या होत नाहीत, आणि आज खिशातल्या फोननं त्याच दोन सोप्या होतात.

तुमचं म्हणणं मला माहितीय. एक तर, शिकवलेली बाई पुढच्या गल्लीत चार रुपये जास्त मिळाले की जाते. जाते, खरंय. पण न शिकवलेली राहते आणि माल परत येतो, त्याचाही हिशोब करा. आणि ती ज्या गल्लीत जाते तिथून तुमच्याकडंही कुणीतरी येतच असतं, सगळ्यांनी शिकवलं तर येणारीही शिकलेली येईल. म्हणूनच हे पत्र मी एकट्या आमच्या मालकांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितेय. दुसरं, वेळ. इथं मी स्पष्ट बोलते. नगावर मजुरी असलेल्या बाईला ट्रेनिंगला बसवलं तर तो वेळ तिच्या पैशातून जातो, मग कार्ड असो, क्लिप असो, टीव्ही असो, ती मनानं तिथं नसतेच. आठवड्यात दोनदा पंधरा मिनिटं, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी सरासरीनं तिच्या पगारात दिसली पाहिजे, वेगळ्या ओळीत. आमच्याकडं हे सुरू व्हायला पाच महिने लागले आणि ज्या आठवड्यात ती ओळ पगाराच्या चिठ्ठीवर पहिल्यांदा आली त्या आठवड्यात रे नगर वसाहतीतून येणाऱ्या तिघी, ज्या बस चुकायचं कारण सांगून ट्रेनिंग चुकवायच्या, वेळेआधी येऊन बसल्या होत्या.

तुमच्या संघटनांकडं माझं एक मागणं आहे आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. आमच्या चोवीस क्लिपा आहेत, तुमच्याकडं लूमवरचे जॉबर आहेत, वार्पिंगवाले आहेत, साइझिंगवाले, जकार्डवाले आहेत, त्यांचे हात आहेत आणि त्यातले बरेच हात येत्या काही वर्षांत घरी बसणार. जुन्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यातल्या माणसांबरोबर किती कला गेली हे आमच्या घरात मी ऐकलंय, माझे आजोबा गिरणीत होते. प्रत्येक कारखान्यानं महिन्याला चार क्लिपा केल्या, फक्त हात, एक मिनिट, आपापल्या भाषेत, आणि संघटनेनं त्या एका ठिकाणी ठेवल्या, कुणालाही उघडता येतील अशा, तर वर्षभरात सोलापूरच्या कामाचं एक दप्तर तयार होईल. डिझाइन, रेट, बायरची नावं यातलं काही त्यात येत नाही, कोपरा दुमडण्यात कुणाचं गुपित नाही. आयटीआयच्या पोरांनाही ते मिळावं. आणि एक नियम लेखी करा की ट्रेनिंगच्या मार्कांवरून कुणाची मजुरी कापायची नाही, कुणाला काढायचं नाही. ज्या दिवशी मार्कांवरून एकीचे जरी पैसे कापले गेले त्या दिवसापासून सगळी कार्डं हिरवीच येतील आणि आपण परत त्या सह्यांच्या रजिस्टरावर येऊ.

रजिस्टर आम्ही फेकलं नाही, ऑडिटला लागतंच. त्यात फक्त एक रकाना वाढवलाय, ‘करून दाखवलं’, त्याखाली तारीख आणि ज्या बाईनं बघितलं तिची सही, शिकणारीची नाही. ती बोटात सुई गेलेली मुलगी आता हेमिंगच्या दुसऱ्या लाइनला आहे, आणि नवीन आलेल्यांच्या जाळीसमोर तीच उभी राहते, त्या रकान्यात गेल्या महिन्यात अकरा ठिकाणी तिची सही आहे.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पावणेदहा ते दहा आमची कार्डं निघतात. आमच्या मालकांना विचारलंय, ते म्हणाले ज्याला बघायचंय त्यानं यावं, एमआयडीसीत कुणालाही विचारलं तर आमचं शेड दाखवतील, गलका ऐकूनच कळेल. येताना ऑफिसातल्या साहेबाला एकट्याला पाठवू नका, बरोबर तुमच्या लाइनवरची एखादी कारागीर बाई आणा, आणि तिची त्या दिवसाची मजुरी कापू नका. कार्डांचा एक जास्तीचा संच मी काढून ठेवलाय, तिच्या हाती देईन.

आपली,
शिलाई विभागातली एक सुपरवायझर,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर